सखार्थचा जळालेला मेढेकोट

वेल्स या देशाविषयीची कोणतीही पर्यटन-पुस्तिका उघडली, तर कारनार्व्हन, कॉनवी, हार्लेख आणि बोमॅरिस या चार दगडी किल्ल्यांची चित्रे तिच्यात हमखास आढळतात. समुद्राच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले ते बुलंद बुरूज पाहून कोणाचेही डोळे दिपावेत. मात्र वेल्सची ओळख म्हणून जगापुढे मांडल्या जाणाऱ्या या चारही किल्ल्यांचा पाया कोणा वेल्श राजाने घातलेला नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८२-८३ मध्ये वेल्सचे उरलेसुरले स्वातंत्र्य संपवले. जिंकलेल्या प्रजेने पुन्हा मान वर करू नये, यासाठी त्याने हे किल्ले उभारले. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही 'ग्विनेदमधील एडवर्ड राजाचे किल्ले व नगरतट' अशा नावाने. जेत्याचे नाव वारशाच्या यादीतही अबाधित राहिले!

मग वेल्श लोकांचे स्वतःचे किल्ले गेले कुठे? डोलविदेलानसारखे काही दगडी किल्ले तेराव्या शतकातील वेल्श राजांनी बांधले आणि ते भग्नावस्थेत का होईना, आजही उभे आहेत. पण त्याआधीचे बहुतेक किल्ले लाकडाचे होते. लाकूड जळते, कुजते, कोणी उपटून नेते. मागे राहते ती केवळ माती. वेल्सच्या कुरणांत आणि नदीकाठी असे शेकडो हिरवे उंचवटे आहेत. त्यांच्यावर मेंढ्या चरतात आणि शेजारच्या रस्त्याने जाणाऱ्याला तो निसर्गनिर्मित टेकाडाचाच भाग वाटतो.

या रचनेला युरोपात 'मॉट आणि बेली' म्हणतात. मराठी वाचकाला ती समजून घेणे कठीण नाही, कारण आपल्या इतिहासातील मेढेकोट, खंदक आणि बालेकिल्ला हे शब्द तिला चपखल बसतात. आधी वर्तुळाकार खोल खंदक खणायचा. त्यातून निघालेली माती मधोमध थरावर थर देत चोपून रचायची, की सपाट माथ्याचे उंच टेकाड तयार होते. हा मॉट, म्हणजे बालेकिल्ला. त्याच्या माथ्यावर लाकडी मनोरा किंवा वाडा आणि भोवती मेढेकोट. पायथ्याशी दुसरे विस्तीर्ण आवार, त्यालाही खंदक आणि मेढेकोट. ही बेली. तिच्यात दिवाणखाना, तबेले, कोठारे, स्वयंपाकघर, प्रार्थनागृह. दोन्ही भागांना जोडणारा लाकडी पूल. दगडाच्या खाणी नकोत, पाथरवट नकोत, वर्षानुवर्षांचा अवधी नको. मजूर आणि जंगल हाताशी असले, की शत्रूच्या मुलखातही थोडक्या काळात ठाणे उभे राहते. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी हे तंत्र सोबत आणले आणि त्याच्या बळावर ते वेल्सच्या सीमेत घुसले.

वेल्श राजांनी मग काय केले? त्यांनी शत्रूचे तंत्र उचलले. आपल्या बुद्धीचे नाही म्हणून ते त्यांनी नाकारले नाही. एका वेल्श पुरुषाने किल्ला बांधल्याचा पहिला उल्लेख वेल्श बखरीत १११६ सालचा आहे. मेरियोनिद प्रांतातील किमर येथे उखद्रिद नावाच्या सरदाराने तो बांधला. त्याच वर्षी तो जाळला गेला आणि जाळणारे नॉर्मन नव्हते. ते वेल्शच होते. ११४७ मध्ये कॅडवालाडरचा किनफेलचा किल्ला त्याच्या सख्ख्या पुतण्यांनी घेतला. ११४९ मध्ये ग्विनेदचा पराक्रमी राजा ओवाइन याने आपल्या राज्याच्या पूर्व सीमेवर टोमेन-अ-रोडविद हा किल्ला रचला. त्याचा मॉट आणि खंदक आजही इतके स्वच्छ दिसतात, की या प्रकारच्या बांधणीचा वेल्समधील उत्तम नमुना म्हणून त्याचे नाव घेतले जाते. इंग्लंडचा दुसरा हेन्री ११५७ मध्ये चाल करून आला, तेव्हा पॉविसच्या योरवर्थ गोखने संधी साधून तो किल्ला जाळून टाकला. हा योरवर्थही वेल्शच.

परकीयाचे तंत्र शिकायला या समाजाला अर्धशतक पुरले. परंतु ते तंत्र कोणाविरुद्ध वापरायचे हे उमगायला मात्र फार काळ गेला. वेल्सच्या इतिहासावर लिहिताना अनेकजण एडवर्डच्या क्रौर्यावरच थांबतात. ते क्रौर्य खरेच होते. ११ डिसेंबर १२८२ रोजी शेवटचा लिवेलिन मारला गेला आणि त्याचे मस्तक लंडनमध्ये मिरवले गेले. पण एडवर्ड येण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे भाऊ भावाचा मेढेकोट जाळत होता, हेही त्याच बखरीत लिहून ठेवलेले आहे. ते लिहिणाऱ्या वेल्श मठवासीयांनी स्वकीयांचे दोष झाकले नाहीत, हे त्यांचे मोठेपण मानले पाहिजे.

कवीने राखलेला वाडा

या शेकडो टेकाडांपैकी एकाला मात्र स्वतःची वाणी लाभली. ते आहे सखार्थ, पॉविस परगण्यात, लानसिलिन गावाजवळ, इंग्लंडच्या सीमेपासून अगदी थोड्या अंतरावर. टेकाड बहुधा नॉर्मन काळातील. पण चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर ओवाइन ग्लिनडूर याचा वाडा होता. वडिलांकडून पॉविसच्या आणि आईकडून दक्षिण वेल्सच्या जुन्या राजवंशाचे रक्त त्याच्यात होते. लंडनला त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, असे मानले जाते. इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात त्याने चाकरीही केली. एका सुखवस्तू, सुसंस्कृत जमीनदाराचे आयुष्य तो जगत होता.

१३९०च्या सुमारास योलो गोख नावाचा वृद्ध कवी त्याच्याकडे आला आणि त्याने त्या वाड्यावर काव्य रचले. आश्रयदात्याची स्तुती हा त्या काळच्या कवींचा व्यवसायच होता. तेव्हा त्यात अतिशयोक्ती असणार, हे गृहीत धरावे. पण ही स्तुती पोकळ नाही, ती सुताराच्या नजरेने केलेली आहे. पाण्याने वेढलेला वाडा, त्याकडे जाणारा पूल, हिरव्या टेकाडाच्या माथ्यावरचे लाकडी घर, त्याला पेलणारे खांब, जोडणीतील सांधे, छपरावरील आच्छादन, धूर बाहेर नेणारे धुराडे, सारे त्यात आहे. भोवतीच्या फळबागा, द्राक्षांचा मळा, गिरणी, कबुतरखाना, माशांचे तळे, हरणांचे राखीव रान यांचीही कवीने नोंद केली. आल्यागेल्याला इथे दार क्वचितच बंद असते, हे सांगायलाही तो विसरला नाही.

पुढे दहा वर्षांत सारे पालटले. शेजारचा इंग्रज सरदार रुथिनचा लॉर्ड ग्रे याच्याशी जमिनीवरून तंटा झाला. न्याय मिळेना. १६ सप्टेंबर १४०० रोजी ग्लिनडव्हरदुई येथे ओवाइनच्या अनुयायांनी त्याला वेल्सचा राजपुत्र घोषित केले. एका जमिनीच्या वादातून राष्ट्रीय उठाव पेटला. त्यामागे एकशे वीस वर्षांचा साचलेला अपमान होता. इंग्रजांनी या लोकांना दिलेले 'वेल्श' हे नावच जुन्या अँग्लो-सॅक्सन भाषेतील 'परका' या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. ते स्वतःला 'कमरी' म्हणतात, म्हणजे एका भूमीचे बांधव. आपल्याच भूमीत ज्याला परका म्हटले जाते, त्याने आणखी किती सोसावे?

१४०३च्या मे महिन्यात इंग्लंडचा युवराज हेन्री, जो पुढे पाचवा हेन्री म्हणून आझँकूरच्या लढाईत कीर्ती मिळवणार होता, सैन्य घेऊन सखार्थवर चालून आला. वय अवघे सोळा. ओवाइन तेथे नव्हता. वाडा रिकामा होता. युवराजाने तो जाळला, भोवतालची कुळांची घरे जाळली, मग ग्लिनडव्हरदुईला जाऊन तेथील वाडाही जाळला. ही सर्व हकिगत त्याने फ्रेंच भाषेत लिहिलेल्या पत्रात स्वतःच कळवली. त्या पत्राचा सूर पराक्रमाचा नाही. एखादे कामकाज उरकल्याचा अहवाल द्यावा, तसा तो आहे. कवीने ज्याचा एकेक सांधा न्याहाळला, ते घर युवराजाच्या लेखी एका ओळीचा मजकूर ठरले.

१९६२-६३ मध्ये त्या टेकाडावर उत्खनन झाले. माथ्यावर दोन लाकडी इमारतींच्या खुणा सापडल्या आणि जळाल्याच्याही. कवी आणि युवराज, दोघांचीही साक्ष मातीने दिली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. योलो गोखचे काव्य नसते, तर सखार्थ हे वेल्समधील आणखी एक निनावी टेकाड राहिले असते. आणि ते काव्य टिकू नये, याची तजवीज कायद्यानेच केलेली होती. उठाव सुरू झाल्यावर १४०१-०२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने वेल्श लोकांविरुद्ध कठोर कायदे केले. त्यांनी शस्त्रे घेऊन हिंडू नये, सीमेवरील नगरांत मालमत्ता घेऊ नये, अधिकारपदे भूषवू नयेत, किल्ले बाळगू नयेत. आणि भाट, कवी, गवई यांना वेल्समध्ये पोसले जाऊ नये! राज्यकर्त्यांना हे पक्के ठाऊक होते, की मेढेकोट एका मशालीने जळतो, पण काव्य जाळायला पुरेशी मशाल नसते. त्यासाठी कवीचीच उपासमार करावी लागते. हे कायदे विधिवत रद्द व्हायला १६२४ साल उजाडले. काव्य मात्र हस्तलिखितांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिले.

ग्लिनडूरने नंतर हार्लेख जिंकले, १४०४ मध्ये माखनलेथला संसद भरवली, १४०६ मध्ये पेनालहून फ्रान्सच्या राजाला पत्र लिहिले. त्या पत्रात वेल्सच्या चर्चची स्वायत्तता आणि वेल्ससाठी दोन विद्यापीठे, एक उत्तरेत, एक दक्षिणेत, अशा मागण्या होत्या. ज्याचे घर जाळले गेले, तो तीन वर्षांनी विद्यापीठांची योजना आखत होता! वेल्समधील पहिले विद्यापीठीय महाविद्यालय ॲबरिस्टविथला निघाले ते १८७२ मध्ये. उठाव शेवटी मोडला. १४०९ मध्ये हार्लेख पडले. त्याचे कुटुंबीय कैद झाले. १४१२ नंतर ग्लिनडूर कोणाच्या दृष्टीस पडल्याची खात्रीची नोंद नाही. पण तो पकडला गेला नाही. इंग्रजांच्या बाजूने लढलेले वेल्श सरदारही होते. ब्रेकनच्या डाविद गामचे नाव त्यात ठळक. तरीही ज्यांच्या पूर्वजांनी किमर आणि टोमेन-अ-रोडविद जाळले, त्याच लोकांपैकी कोणीही त्या फरारी माणसाला शत्रूच्या हाती दिले नाही. लंडनच्या रंगभूमीने नंतर त्याला भुतेखेते बोलावण्याच्या बढाया मारणारा मांत्रिक बनवले. शेक्सपियरच्या नाटकातील ग्लेंडोवर तो हाच.

चिखलाचा डाग वाचणारे

लाकडी किल्ला म्हणजे गरिबांचा, कामचलाऊ, दगडी किल्ल्याची कच्ची आवृत्ती, असे इतिहासकार दीर्घकाळ समजत होते. हा समज मोडला तो सखार्थच्या दक्षिणेस, मोंटगोमेरीजवळच्या हेन डोमेन येथे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ 'जुने टेकाड' एवढाच. विजेत्या विल्यमचा सरदार रॉजर द मोंटगोमेरी याने १०७०च्या दशकात ते रचले. १०९५ मध्ये वेल्श सैन्याने ते काबीज केले होते. फिलिप बार्कर या पुरातत्त्वज्ञाने १९६० ते १९९२ अशी बत्तीस वर्षे तिथे उत्खनन केले; पुढे रॉबर्ट हायम त्यांच्या जोडीला आले. एकाच टेकाडावर बत्तीस उन्हाळे! सोन्याची नाणी नाहीत, मूर्ती नाहीत, वृत्तपत्रांत छापण्याजोगे काही नाही. खांब कुजला की त्याच्या खड्ड्यात वेगळ्या पोताची, वेगळ्या रंगाची माती साचते. तोच त्या खांबाचा मृत्युलेख. अरुंद चर न खणता त्यांनी विस्तृत पृष्ठभाग थोडाथोडा खरवडला आणि असे डाग वाचत गेले. त्यातून दिसले, की या बेलीत इमारतींची दाटी होती, पूल भक्कम होते, आणि सुमारे दोनशे वर्षे ती सुतारांनी पुन्हा पुन्हा नव्याने बांधली होती. १२२३ मध्ये जवळच्या कातळावर तिसऱ्या हेन्रीचा दगडी किल्ला उठला, तरी जुने टेकाड लगेच ओस पडले नाही.

स्मृती जपण्याचे हे दुसरे साधन. जिथे कवी नव्हता, तिथे माणसाने गुडघ्यांवर बसून, हातात थापी घेऊन, बत्तीस वर्षे चिखल वाचावा लागतो. वारशाच्या नावाने घोषणा देणाऱ्यांच्या तुलनेत असे वाचणारे कोणत्याही देशात थोडेच असतात.

हेन डोमेनपासून थोड्याच अंतरावर वेल्शपूल येथे पॉविसचा किल्ला आहे. भारतीय माणसाला या परिसराशी जोडणारा एक कटू धागा तिथे सापडतो. मूळची वेल्श राजांची ही गढी पुढे हर्बर्ट घराण्याकडे गेली आणि विवाहसंबंधाने रॉबर्ट क्लाइव्हच्या वंशजांकडे आली. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता, त्याच काळात १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. टिपू सुलतानाचा तंबू आणि भारतातून नेलेल्या शेकडो वस्तू आज तिथे काचेआड मांडलेल्या आहेत. तो पाहायला जगभरातून पर्यटक जातात. त्याच परगण्यात, काही मैलांवर, सखार्थच्या टेकाडावर गवत वाढते.

टेकाड कोणाचे?

सखार्थ हे कायद्याने संरक्षित स्मारक आहे, पण जमीन खाजगी मालकीची. ती राष्ट्राने विकत घ्यावी, अशी मागणी करणारी याचिका हजारो सह्यांनिशी वेल्सच्या संसदेपुढे, सेनेडपुढे, आली. मागणीत भावना आहे आणि ती रास्तही आहे. दगडी किल्ला दुर्लक्षाने ढासळतो, तेव्हा निदान लोकांना ते दिसते. मातीचे टेकाड गुरांच्या खुरांनी, सशांच्या बिळांनी, झाडांच्या मुळांनी आणि नांगराने दरवर्षी बोटभर झिजते आणि कोणाला कळतही नाही. वेल्सच्या स्मारकांची देखरेख करणारी 'कादू' ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावाचा वेल्श अर्थच 'राखणे' असा आहे. तिच्या हाती असलेल्या किल्ल्यांत एडवर्डचे किल्ले सर्वांत श्रीमंत आहेत. तिकिटांचे उत्पन्न तिथे येते म्हणून लक्षही तिथे जाते, हा युक्तिवाद हिशेबाच्या वहीत बरोबर असेल, राष्ट्राच्या वहीत नव्हे.

मात्र सखार्थवर लाकडी वाड्याची प्रतिकृती उभारावी, असा उत्साह कोणी दाखवला, तर त्याला आवरले पाहिजे. त्या मातीत अजून न उलगडलेले खांबांचे खड्डे असणार. नव्या वाड्याचा पाया त्यांच्यावरच पडेल. जे युवराजाच्या आगीतून वाचले, ते भक्तांच्या फावड्याने नष्ट व्हायला नको.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. रायगडावरील वाड्यांचे लाकूडकाम १८१८च्या इंग्रजी तोफांच्या माऱ्यात जळाले आणि जोती तेवढी उरली. २०२५ मध्ये शिवरायांच्या परंपरेतील बारा किल्ले युनेस्कोच्या त्याच यादीत गेले, जिच्यात वेल्सचे चार किल्ले एडवर्डच्या नावाने आहेत. इथे ते मराठ्यांच्याच नावाने गेले, हा फरक लहान नाही.

वेल्सचा खरा पेच मात्र जमिनीच्या खरेदीखताने सुटणारा नाही. योलो गोखचे काव्य मुळातून वाचू शकणारे किती उरले आहेत? १५३६च्या कायद्याने वेल्श भाषा न्यायालयांतून आणि अधिकारपदांतून हद्दपार झाली. तिला तारले ते सखार्थपासून काही मैलांवरच्या लानऱ्हायाडर या खेड्यातील धर्मोपदेशक विल्यम मॉर्गन याने. १५८८ मध्ये त्याने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले आणि दरबारातून हाकललेली भाषा दर रविवारी गावोगावी शुद्ध स्वरूपात ऐकू येऊ लागली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक कारभारात या भाषेला इंग्रजीच्या बरोबरीची वागणूक देण्याचे तत्त्व मान्य झाले, २०११मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक, असे ध्येय सरकारने २०१७ मध्ये जाहीर केले. पण २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलू शकणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते १९ टक्के होते.

सखार्थसाठी सह्या गोळा करणाऱ्यांनी आपल्या मागणीत आणखी एक कलम घालावे. आसपासच्या शाळांतील मुलांना वर्षातून एकदा, १६ सप्टेंबरला, त्या टेकाडावर न्यावे. तिथे फलक, ध्वज आणि भाषणे कमी असली तरी चालेल. योलो गोखचे काव्य मात्र त्यांनी तिथे वेल्शमध्ये मोठ्याने म्हणावे. खांब कुठे होते, पूल कुठे होता, तळे कुठल्या बाजूस होते, हे त्यांनी त्या शब्दांवरून स्वतः शोधावे. बार्करने हेन डोमेनला हेच केले होते, थापीने.